जर्मनीची स्की, परभणीची पिशवी



"जगात जर्मनी, भारतात परभणी" असे आपण इतकी वर्षे गमतीने म्हणत आलो. यंदाच्या दिवाळीत जर्मनी खरोखरच आमच्या परभणीच्या घरी येऊन ओसरीत भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्या जाऊबाईंचे भाऊ म्युनिकला नोकरीला आहेत. त्यांनी भाचीसाठी, म्हणजे माझ्या पुतणीसाठी, स्कीची जोडी आणली. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब पट्ट्या. आत लाकूड, खाली गुळगुळीत प्लास्टिक, दोन्ही कडांना पोलादाची धार आणि मधोमध बूट अडकवायचा खटका. त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. त्यांनी ती जोडी एका पातळ कापडी खोळीत घालून, भोवती दोन चादरी गुंडाळून विमानातून आणली. घरी पोचेपर्यंत एका पट्टीच्या टोकाचा टवका उडालेला होता. आता जानेवारीत पुतणीला हीच जोडी घेऊन उत्तराखंडात औलीला जायचे आहे. तेव्हा हिला गादी भरलेली चांगली बॅग हवी, हे सगळ्यांनाच पटले. ती कशी असावी, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते काम माझ्याकडे आले, कारण शिखरजीला आणि मांगीतुंगीला जाताना चौक्याची भांडी बांधण्याचे काम आमच्या घरात माझेच असते.

पुतणीने मागच्या हिवाळ्यात औलीला पहिला वर्ग केला. तिथे गढवाल मंडल विकास निगम स्कीचे वर्ग घेतो. काश्मीरमध्ये गुलमर्गला केंद्र सरकारची संस्थाही आहे. हा खेळ फक्त परदेशी लोकांचा आहे असे समजू नका. 2011 मध्ये औलीला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या, आणि 2018 मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानात कांस्यपदक आणले, ते स्कीमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक. म्हणजे पहिले पदक एका मुलीनेच आणले आहे, हे आपल्या सासवा-नणंदांना आवर्जून सांगा.

बॅगेचा विचार सुरू झाला आणि त्याआधीच घरात दुसरा विषय निघाला. मंदिरात भेटलेल्या दोघीतिघींनी जाऊबाईंना विचारले, "जैनाच्या मुलीला हे कशाला हवे? तिथे सगळे चामड्याचे असते. आणि बर्फ तर स्वतःच जीव आहे." जाऊबाई घरी येऊन गप्प बसल्या. पुतणीचे जाणे रद्द होते की काय, अशी वेळ आली. म्हणून मी बॅगेबरोबर हा प्रश्नही इथे मांडते. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

बर्फाविषयीचे म्हणणे खोटे नाही. दव, धुके, गारा, हिम हे सगळे आपल्याकडे जलकायिक जीवांत धरलेले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार आहे. त्यात माती, पाणी, अग्नी, वारा यांची विनाकारण ढवळाढवळ आणि विनाकारण भटकंती यांना प्रमादचर्या म्हटले आहे. कोणी म्हणाले की स्की खेळणे त्यात बसते, तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण मग तोच नियम उन्हाळ्यात कुलू-मनालीला जाऊन एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकणाऱ्या आपल्या सगळ्या कुटुंबांना लावा. अंगणात नळी धरून रोज गाडी धुणाऱ्याला लावा. रिसॉर्टमधल्या पोहण्याच्या तलावाला लावा. त्या वेळी कोणी जाऊबाईंना मंदिराच्या पायरीवर अडवत नाही. मुलगी एकटी काही नवे करायला निघाली की मगच आपल्याला जलकायिक जीव आठवतात, हे मला पटत नाही. ज्याला हा नियम घ्यायचा त्याने स्वतःसाठी घ्यावा आणि मनापासून पाळावा. पुतणीने उद्या स्वतः घेतला तर मी तिला नमस्कार करीन.

चामडे आणि पिसे यांची गोष्ट वेगळी आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा सोडायची असते, आणि स्थावर जीवांबाबत शक्य तितका संयम ठेवायचा असतो. गाय, बकरी, बदक हे पंचेंद्रिय जीव आहेत. इथे "थोडेसेच आहे", "शोभेपुरतेच आहे" असली पळवाट चालणार नाही. बर्फावर जायचे की नाही, यावर दोन मते असू शकतात. बकरीच्या कातड्याच्या हातमोज्यावर दोन मते असू नयेत. आणि ही निवड औलीच्या उतारावर होत नाही, ती आधीच दुकानात आणि बॅग भरताना होऊन जाते. म्हणून मुलीला अडवण्यापेक्षा तिची बॅग नीट बघा, असे माझे म्हणणे आहे.

एकीने मला विचारले, "मुनींची पिच्छीही पिसांचीच असते ना?" असते. पण मोर ती पिसे दरवर्षी स्वतः गाळतो. थंडीच्या फुगीर जाकिटात 'डाऊन' म्हणून भरतात ती बदकांच्या आणि हंसजातीच्या पक्ष्यांच्या छातीची मऊ पिसे असतात, आणि ती बहुतेक मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात. ही दोन एका तागडीत टाकू नका. जाकीट घेताना आतल्या पट्टीवर 'पॉलिएस्टर' लिहिलेले आहे का, एवढे वाचले की काम झाले. तसे जाकीट वजनाला थोडे जड पडते, पण ओले झाले तरी बरीच ऊब धरते आणि स्वस्तही असते.

आता बॅग. त्याआधी एक गोष्ट सांगते, म्हणजे कोणी घाईने खरेदीला जाणार नाही. तुमच्या घरातले मूल पहिल्यांदा स्की शिकायला जात असेल तर स्कीही घेऊ नका आणि बॅगही घेऊ नका. औलीला, गुलमर्गला पट्ट्या, बूट, काठ्या सगळे भाड्याने मिळते. मूल वाढते, स्कीची लांबी बदलते, आणि आठ दिवसांच्या हौसेसाठी घेतलेली वस्तू पुढे दहा वर्षे माळ्यावर पडून राहते. परिग्रहपरिमाण फक्त सोने आणि शेती यांचेच नसते. आमच्याकडे जोडी भेट म्हणून आली आणि पुतणी दुसऱ्यांदा चालली आहे, म्हणून बॅगेचा प्रश्न आला. नसता आला तर मी भाड्याचीच बाजू घेतली असती.

पहिली बघायची ती लांबी. स्कीवर तिची लांबी सेंटिमीटरमध्ये छापलेली असते. नवशिक्यांना साधारण हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची स्की देतात. पुतणीची जोडी 150 सेंटिमीटरची आहे. बॅग त्यापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर लांब पुरते. "मोठी घेऊ, पुढे उपयोगी पडेल" हा आपला शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे लावू नका. मोठ्या बॅगेत पट्ट्या पुढेमागे सरकतात आणि प्रत्येक धक्क्याला टोक आपटते. म्युनिकहून येताना टवका गेला तो असाच, असा माझा अंदाज आहे, कारण खोळ हातभर लांब होती आणि चादरी सगळ्या मधल्या भागात गोळा झाल्या होत्या.

मग गादी. जाहिरातीत 'पॅडेड' लिहिलेले असले तरी काही बॅगांत फक्त दोन टोकांना गादी असते आणि मधे नुसते कापड. टोके जपायला हवीतच, पण सगळ्यात नाजूक भाग मधला, बाइंडिंगचा. त्यावर दुसऱ्या कोणाची पेटी पडली आणि खटका वाकला, तर पडताना पाय वेळेवर सुटत नाही आणि गुडघा जातो. म्हणून गादी पूर्ण लांबीला हवी, आणि टोकांना व मधे दुहेरी असली तर उत्तम. अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही बाजूंनी बोट बोटाला लागले तर ती गादी कामाची नाही. फोम कोणता आहे तेही विचारा. उशीत असतो तो स्पंज पाणी पितो आणि लवकर वाळत नाही. टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, बारीक बंद फुग्यांचा पांढरा फोम पाणी पीत नाही. दुकानदाराला सांगता आले नाही तर तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका, आपोआप कळेल.

कापडावर 600 डी, 1000 डी असे आकडे असतात. तो धाग्याचा डेनियर. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितका डेनियर, म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. 600 डेनियरचे पॉलिएस्टर पुरेसे आहे, फक्त तळाला ताडपत्रीसारखा जाड थर हवा, कारण बॅग फरशीवरून ओढली जातेच. चेन जाड दातांची आणि पूर्ण लांबीची घ्या. एका टोकाच्या तोंडातून धारदार पट्ट्या आत सरकवताना अस्तर फाटते.

आणि चामडे. गादीत सहसा फोमच असतो, तिथे काळजीचे फारसे कारण नाही. चामडे लपून येते ते दुसरीकडे: हाताच्या मुठीवरचे वेष्टन, कंपनीच्या नावाचा शिवलेला चौकोनी तुकडा, चेनच्या टोकाला लावलेली पट्टी. महागड्या बॅगेत ही शक्यता जास्त, स्वस्त बॅगेत बहुतेक रेक्झिन असते. या बाबतीत गरिबाची बॅग जास्त जैन असते म्हणायची! सांगून-विचारून खात्री होत नसेल तर कडेचा कापलेला भाग बघा. रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते, चामड्याच्या मागे केसाळ तंतू दिसतात. काही जणी बर्फाचा डोंगर चढताना स्कीच्या तळाला चिकटवतात त्या 'स्किन' नावाच्या पट्ट्यांबद्दल विचारतील. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, म्हणून ते नाव पडले. आज नायलॉनच्या मिळतात, मोहेर म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांच्याही मिळतात. औलीच्या वर्गात शिकणारीला त्या लागतच नाहीत, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

चाके हवीत का? म्युनिकच्या विमानतळावर हवीत. परभणीच्या फलाटावर, पुलाच्या पायऱ्यांवर आणि जोशीमठाच्या चढावर त्यांचा काय उपयोग? चाकांनी बॅगेचे वजन एक-दीड किलोने वाढते. त्यापेक्षा खांद्यावर घ्यायचा रुंद, गादीचा पट्टा आणि मधोमध दोन भक्कम मुठी बऱ्या, म्हणजे दोघींना दोन टोकांनी धरूनही नेता येते. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी कंपनीचे नियम वाचावेत. परदेशी प्रवासात पुष्कळ कंपन्या स्कीची बॅग 23 किलोंच्या एका नगात धरतात, पण काहींची अट असते की त्यात स्कीच्या सामानाशिवाय दुसरे काही नको. म्हणजे मोकळ्या जागेत पापड-कुरडया भरायची आपली सवय तिथे महाग पडू शकते.

पुतणी सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला जाणार आहे. रेल्वेचा नियम असा की डब्यात नेण्याची पेटी 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. स्लीपर आणि थ्री टायर एसीला 40 किलोपर्यंत वजन फुकट आहे, पण आकार त्याहून मोठा असेल तर सामान ब्रेकव्हॅनमध्ये बुक करायचे असते. 160 सेंटिमीटरची बॅग त्यात येणारच. "बर्थखाली सरकवून टाकू, कोण बघतो?" असे घरातले पुरुष म्हणाले. मी म्हटले, मुलगी एकटी चालली आहे, तिने वाटेत कोणाशी वाद घालत का बसायचे? रीतसर बुक करू. आणि ब्रेकव्हॅनमध्ये तिच्या बॅगेवर दुसऱ्यांच्या गोण्या पडणार, पुढे ऋषिकेशहून जीपच्या टपावर दोरीने आवळली जाणार, हे धरूनच मी गादीचा एवढा विचार केला.

तयार बॅग परभणीत मिळणे शक्यच नव्हते. मागवायची म्हटले तर किंमत ऐकून सासूबाईंनी डोळे मोठे केले. शेवटी आम्ही शाळेची दप्तरे आणि हार्मोनियमच्या खोळी शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी आयुष्यात स्की पाहिली नव्हती, पण जोडी हातात घेऊन दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, हिची टोके आणि पोट सांभाळायचे, बाकी काही नाही." जे मला दोन दिवस वाचून कळले ते त्यांना हात लावून कळले. फोम, कापड, चेन आणि शिलाई मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. मूठ नायलॉनच्या पट्ट्याची, कुठेही चामडे नाही, आणि आत दोन आवळपट्टे. उद्या शिवण उसवली तर गल्लीत दुरुस्ती होईल, हाही फायदाच.

सासूबाईंचा आग्रह होता की गोधडी असताना फोम कशाला? आपल्या कापसाच्या मुलखात हे सुचणारच. जाताना गोधडीनेही काम भागले असते, यात शंका नाही. मोडण्याजोग्या वस्तू आपण वर्षानुवर्षे गोधडीत गुंडाळूनच नेल्या आहेत. पण परतताना पट्ट्या ओल्या असतात. सुती गोधडी ते पाणी पिऊन बसेल, दोन दिवसांच्या प्रवासात कुबट होईल आणि पोलादाच्या धारेला गंज चढेल. म्हणून आम्ही मध्यम मार्ग काढला. पुतणीसोबत गोधडी जाणार, पण पांघरायला.

भरताना दोन पट्ट्यांचे तळ एकमेकांना लावून ठेवायचे, मधे एक जुने फडके घालायचे, म्हणजे धारेने धार घासत नाही. दोन ठिकाणी कापडी पट्ट्याने बांधायचे. काठ्या बाजूला. बाइंडिंगभोवती जाकीट किंवा स्वेटर गुंडाळायचा. बूट या बॅगेत नकोत, त्यांचे तीन-चार किलो वजन आत आपटत राहते. त्यांना वेगळी पिशवी द्या.

खाण्याचेही वेगळे. दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू असे तिच्या पाठीवरच्या पिशवीत जाईल. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, त्यामुळे सोबत न्यायच्या पिठाचा हिशोब तिने स्वतःच केला आहे. डोंगरात सूर्य लवकर मावळतो आणि जेवणाची घंटा उशिरा होते. मागच्या वेळी तिने सांजेआधी खोलीत दशमी खाल्ली आणि मैत्रिणींसोबत नुसती बसायला गेली. कोणी तिला नावे ठेवली नाहीत, उलट दोघी दुसऱ्या दिवशी दशमी मागायला आल्या.

ज्यांच्या घरी अशी वस्तू राहणार आहे त्यांनी खरी काळजी घ्यायची ती परत आल्यावर. बॅग उघडून उलटी करायची, पट्ट्या पुसून सावलीत दोन दिवस उभ्या करायच्या, आणि बॅग पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायची नाही. ओल्या बंद फोममध्ये पावसाळ्यात काय होते ते आपल्याला सांगायला नको. बुरशी धरते, किडे होतात, आणि मग ते झटकताना, उन्हात टाकताना जी हिंसा होते ती आपल्या आळसाची. पापड आणि डाळी आपण ज्या जागरूकतेने चातुर्मासाआधी बघतो तसेच हे आखाडाआधी एकदा उघडून बघावे. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्या जीव मारायलाच असतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवला की जीव मुळात तिकडे फिरकत नाहीत. स्की वर्षभर बॅगेत कोंबून न ठेवता जुन्या धोतराच्या सैल खोळीत उभी ठेवलेली बरी.

परवा कारागिरांनी बॅग आणून दिली. पुतणीने वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाने नाव, परभणी आणि घरचा फोन नंबर लिहिला आहे, मोठ्या अक्षरात, देवनागरीत आणि इंग्रजीत. ब्रेकव्हॅनची पावती ठेवायला आत एक छोटा खिसा करून घ्यायचा राहिला होता, तो मी काल घरीच हाताने शिवला.